गणितात राहिलेला पैलवान

"कुस्तीत बरं असतंय गड्या. पाठ टेकली की टेकली. हलगी थांबती, मानूस अंग झटकतो आन घरला जातो. हितं पाठ टेकल्याचं दोन म्हैन्यांनी कळतंय, ते बी नोटीस बोर्डावर."

परीक्षेच्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या पायरीवर उभा राहून तो हे म्हणायचा आणि मग गुडघा किंचित वाकवून मांडीवर असा शड्डू ठोकायचा, की वरच्या मजल्यावर दाढी करणारा एखादा हमखास गाल कापून घ्यायचा. आम्ही सगळे हातात कंपासपेट्या घेऊन त्या आवाजाची वाट बघत असू. शड्डू न ऐकता गेलं की पेपर अवघड निघतो, अशी आमची पक्की समजूत होती. स्वतःला बुद्धिवादी म्हणवणारे दोघे-तिघे होते, तेसुद्धा चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त काढून दारापाशी रेंगाळत.

ज्याचा शड्डू, त्याला मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्याचं नाव मी सांगणार नाही. उंब्रजच्या पलीकडे आत त्याचं गाव आहे. तिथं त्याच्या नावापुढे लोक अजून 'इंजिनियर' लावतात, आणि ते खोडून काढायची माझी इच्छा नाही. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणा.

असा एखादा तुमच्याही पाहण्यात आला असेल. कॉलेजात नवी मुलं येतात, जुनी जातात, आणि हा आपला तिथंच. साठ-एकसष्टच्या सुमारास मी साताऱ्याहून सांगलीला इंजिनियरिंगला आलो, तेव्हा पैलवान तिथं चांगला मुरलेला होता. पहिलं वर्ष दुसऱ्या दमात निघालं होतं. दुसऱ्या वर्षाचेही बाकीचे विषय निघाले होते. फक्त गणित राहिलं होतं. आमच्यात नापास झालो असं कुणी म्हणत नसे; विषय 'राहिला' म्हणायचे. एसटीत पिशवी राहावी तसा.

बरं, गणित येत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. अर्धं वसतिगृह त्याच्याकडून गणित शिकायचं. कॉटवर मांडी ठोकून बसायचा, बनियनच्या बाहीनं पाटी पुसायचा, आणि कागद वाया जातो म्हणून पाटीवरच सगळं समजावून सांगायचा. कठीण समीकरणाला तो 'दांडगा गडी' म्हणे. "ह्यो दांडगा गडी समोरनं धरू नगंस. आदी ह्येचा पाय काढ. बघ, बसला का न्हाई खाली?" आणि खरंच ते समीकरण खाली बसायचं. सबंध पुस्तक त्याच्या तोंडात होतं. कुठल्या पानावर कुठलं उदाहरण आहे आणि त्यात लेखकानं कुठली पायरी गाळली आहे, हे तो भिंतीकडे बघत सांगायचा.

मग अडत कुठं होतं? अडत होतं परीक्षेच्या हॉलमध्ये. एरवी शंभर किलोचं पोतं हसत उचलणाऱ्या त्या माणसाच्या तळहातांना पेपर हातात पडला की घाम सुटायचा. घाम म्हणजे थेंब थेंब. मनगटाखाली रुमाल, रुमालाखाली टीपकागद, तरी शाई पसरायची. एकदा पर्यवेक्षक त्याच्या बाकापाशी थांबून म्हणाले, "पाणी सांडलं काय हो?" तो उभा राहून म्हणाला, "व्हय सर." घाम येतो हे सांगायची त्याला लाज वाटली.

मी त्याला एकदा विचारलं, नेमकं होतं तरी काय?

त्यानं हातातली पाटी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पेपर उघडला की मला गाव दिसतंय. समदं गाव. मैदानाला बसत्यात तसं गोल करून बसल्यात. कोन काय बोलत न्हाई, वरडत न्हाई. नुसतं बघत्यात. मग पयल्या वळीचं दुसऱ्या वळीला जुळत न्हाई."

त्याच्या घरात आजोबा, वडील, दोन्ही चुलते पलटणीत. वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरातली सगळी पोरं एकतर मिसरूड फुटताच भरतीला गेली, नाहीतर उसात. हा एकटा शिकायला निघाला, तोही गावच्या तालमीतला पहिल्या जोडीचा पैलवान. वडिलांनी त्याचा लंगोट स्वतःच्या हातानं तालमीतल्या खुंटीला टांगला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आता ह्यो हात पेनाला दिला. ह्येला कुनी कुस्तीला बलवू नगा." एवढ्या समारंभानं दिलेला हात परत मागायची सोय राहत नाही. हे मला पुढं कळलं. तेव्हा आम्ही नुसते हसलो होतो.

आमचं कॉलेज नावाजलेलं होतं, आणि नावाजलेल्या कॉलेजात विद्यार्थ्याला माणूस समजण्याची पद्धत नसते. दर शनिवारी चाचणी. ड्रॉइंगच्या शीटवर बोटाचा डाग दिसला की शीट फाडून हातात. गणिताचे प्राध्यापक हुशार होते, भयंकर हुशार, आणि आपल्या विषयात किती जण राहतात हे ते एखाद्या जमीनदारानं पीकपाणी सांगावं तशा समाधानानं सांगत. एकदा भर वर्गात त्यांनी पैलवानाला फळ्यापाशी बोलावलं. तो गेला, खडू हातात घेतला, आणि खडू घामानं भिजून मोडला. प्राध्यापक म्हणाले, "घरी शेती आहे ना? मग इथं कशाला गर्दी करता?" वर्ग हसला. पैलवानही हसला. जागेवर येऊन बसल्यावर तो बाकाच्या कडेला हात घट्ट धरून तास संपेपर्यंत तसाच बसला होता. त्या प्राध्यापकांचा मला अजून राग येतो. त्यांना आता बहुधा हे आठवतही नसेल.

पण दुसऱ्यांचं रडणं पुसायला हाच पुढं. परीक्षा जवळ आली की वसतिगृहात कुणाला उलट्या होत, कुणाची झोप उडे, एकजण तर सकाळी कुणाला न सांगता ट्रंक घेऊन गेला तो परतलाच नाही. असं कुणी रडताना दिसलं की पैलवान भडंगाचा डबा घेऊन त्याच्या खोलीत हजर. "आदी खा. मग रड. रिकाम्या पोटी रडू नये, पित्त हुतंय." आणि तो पोरगा भडंग खाईपर्यंत हा समोर बसून राहायचा. भडंग झणझणीत असायचं. डोळ्यांतलं पाणी रडण्याचं की तिखटाचं हे ठरेना, आणि त्यातच रडणं थांबायचं.

माझंही तसंच झालं. माझे वडील साताऱ्याला कोर्टात कारकून. घरात बोलणं कमी. त्यांनी मला कधी 'पास हो' असं म्हटलं नाही, आणि न म्हटलेल्याचं ओझं जास्त असतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी मला अन्न जाईना. एका दुपारी मी पिशवी भरली आणि साताऱ्याची गाडी पकडायला स्टँडवर जाऊन बसलो. परीक्षा नको, इंजिनियरिंग नको, काहीच नको. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बाक करकरला तेव्हाच ओळखलं.

"चाललास?"

"हो."

"जा की. पर गाडीला येळ हाय. तवर जेवून येऊ."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं पिशवी उचललीसुद्धा होती. खानावळीत त्यानं मला एक शब्द विचारला नाही. भाकरी मोडून माझ्या ताटात टाकत राहिला आणि आपल्या गावच्या एका रेड्याची गोष्ट सांगत राहिला, जो पोहायला घाबरायचा. बाहेर पडलो तेव्हा गाडी गेलेली होती. "आता दुसरी उद्या," तो म्हणाला. आम्ही चालत वसतिगृहावर आलो. दुसऱ्या दिवशी मी गाडीची वेळ विचारली नाही, त्यानंही विषय काढला नाही. आज मी जो काही आहे, तो त्या जेवणामुळे आहे.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला गेलो, आणि पैलवान आणि मी गणिताच्या एकाच पेपराला बसलो. त्याची ही शेवटची संधी होती. नियमाप्रमाणे ठरावीक वेळा परीक्षा देऊनही विषय सुटला नाही तर कॉलेजातून नाव कमी होत असे. त्या वर्षी त्यानं काय केलं नाही! पहाटे जोर, मग गणित, मग कृष्णेत पोहणं, मग पुन्हा गणित. कुणीतरी सांगितलं म्हणून तळहाताला तुरटी लावली. कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ सोडलं. आणि या सगळ्यातून वेळ काढून मला शिकवलं. मला गणित त्यानं शिकवलं, प्राध्यापकांनी नाही.

पेपराच्या दिवशी शड्डू झाला. हॉलमध्ये तो माझ्या दोन बाक पुढं होता. पेपर हातात आला आणि मी हरखून गेलो. सगळे त्यानं शिकवलेले दांडगे गडी. मी भराभर लिहीत सुटलो. मध्ये एकदा मान वर केली. तो पेन मिटून बसला होता. पाठ ताठ, हात मांड्यांवर, खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत. पुन्हा वर बघितलं तेव्हाही तसाच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला?"

"बघू की. चल, गावाकडं जत्रा हाय. माझ्यासंगं चल."

मी गेलो. चैत्रातली जत्रा. त्याच्या आईनं माझ्या ताटात इतकं वाढलं, की मी घाबरलो. वडिलांना घरात सगळे आबा म्हणत. उंच, सरळ, मिशीला पीळ, बोलणं मोजकं. त्यांनी लेकाला पेपराबद्दल विचारलं नाही. "दिली का परीक्षा?" एवढंच. "दिली," हा म्हणाला.

दुपारी कुस्त्यांचं मैदान भरलं. शेवटच्या कुस्तीआधी हलगी थांबली आणि गावचे एक म्हातारे पंच मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी पैलवानाला हाक मारली. तो गेला. मला वाटलं, जुना मल्ल म्हणून नारळ देतील. म्हातारबा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यो आपल्या गावचा पयला इंजिनियर!"

हा कावराबावरा झाला. "आवं तात्या, निकाल लागायचाय अजून."

"निकाल कसला रं? आखाड्यात उतरला हुतास का न्हाई? भाईर आलास का न्हाई? पाठीला माती दिसंना. म्हंजे जितलाच की!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर त्यांनी हार आणि जीत डोळ्यांसमोर, मातीत लागलेली पाहिली होती. हरलेला माणूस दिसतो, आणि हा तर उभा होता. दोन महिने पेटीत बंद राहणारी हार त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. त्यांनी त्याला गुलाबी फेटा बांधला, गुलाल उधळला, आणि जिंकलेल्या मल्लाला फिरवतात तसं हलगीच्या ठेक्यावर मैदानाभोवती फिरवलं. बायाबापड्या त्याच्यावरून बोटं मोडत होत्या. आबा जागचे हलले नाहीत, पण ते सावधानमध्ये उभे राहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसलं तर हात हलेल म्हणून त्यांनी पुसलं नाही.

मी पैलवानाच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही तिथं असतात तर तुम्हालाही बघवलं नसतं. तो हसत होता, आणि दोन्ही तळहात सदऱ्याला पुसत होता.

संध्याकाळी विहिरीवर गुलाल धुताना तो म्हणाला, "सहा उदाहरणं हुती. समदी येत हुती. येकाला बी हात लावला न्हाई." मग तोंडावर पाणी मारून म्हणाला, "आता मी राहिलो, तर ह्या मानसांनी फेटा कुनाला बांधला म्हनायचं?"

निकाल लागला त्या दिवशी नोटीस बोर्डापुढं ही गर्दी. तो माझ्या आधी आत घुसला. त्याचा नंबर नव्हता. ते बघायला त्याला फार वेळ लागला नसणार, कारण लगेच त्याचा आवाज आला, "निघाला रं तुझा! निघाला!" आणि त्यानं मला गर्दीतून उचलून खांद्यावर घेतलं. मी वर, त्याच्या खांद्यावर, आणि मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी "खाली सोड, खाली सोड" म्हणून ओरडत होतो. लोकांना वाटलं, दोघंही पास झाले.

दुसऱ्या दिवशी त्याची खोली रिकामी होती.

मी पुढं पास होत गेलो. धरणाच्या कामावर कोयनानगरला नोकरी लागली. भूकंपाच्या आधीचं कोयनानगर; पाऊस, घाट, पत्र्याच्या कचेऱ्या आणि चिखल. रुजू झालो त्या दिवशी ड्रॉइंगच्या कचेरीत नेलं. मोठ्या तिरक्या टेबलावर वाकून एक आडदांड पाठ काम करत होती. तो ट्रेसर होता. इंजिनियरांनी काढलेले नकाशे मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचे, हे ट्रेसरचं काम. स्वतःचं काही काढायचं नाही. दुसऱ्याची रेघ जशीच्या तशी उतरवायची.

तो वळला आणि उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला.

"गाढवा, साहेब काय?" मी म्हणालो. पण कचेरीत तो मला साहेबच म्हणायचा, अहोजाहो करायचा, आणि मी आत आलो की उठून उभा राहायचा. किती सांगितलं तरी ऐकलं नाही. बाहेर नदीकाठी फिरताना मात्र 'रं' आणि 'गड्या' परत यायचे.

त्या कापडावर पाण्याचा थेंब पडला की ते कामातून जातं. मी त्याचे हात बघितले. कोरडे ठणठणीत.

"घाम गेला का रे?"

"गेला. हितं कोन बघतंय?"

घरी काय सांगितलंस, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "खोटं बोललो न्हाई. कोयनंला नोकरी लागली म्हनलं. फुडचं त्येंनी धरून चालल्यात." सणावाराला तो घरी जायचा, पण रात्रीपुरता. गावातला मुक्काम लांबला की प्रश्न वाढतात.

एका बाजारच्या दिवशी कराडला त्याला गावचा माणूस भेटला आणि म्हणाला, की गावातली मंडळी ट्रक करून धरण बघायला येणार आहेत. धरण, आणि धरणावरचा आपला इंजिनियर. आबाही येणार. पैलवान माझ्याकडे आला तो तळहात पँटला पुसतच.

मोठे साहेब त्या दिवशी साताऱ्याला बैठकीला जाणार होते. मी म्हणालो, "माझ्या टेबलावर बस. एक दिवसाचा प्रश्न आहे."

तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हणालो. त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता, माझ्याजवळही नव्हता.

ट्रक आला. फेटे, नऊवाऱ्या, पोरंटोरं, भाकऱ्यांची गाठोडी. माझ्या खोलीत दाटीवाटीनं सगळे शिरले. बायांनी टेबलाच्या काचेवरून हात फिरवला. पैलवान खुर्चीत बसून नकाशा उलगडत होता, आणि मी दाराबाहेरून ऐकत होतो. भिंत कशी उभी राहते, पाणी कुठून बोगद्यात शिरतं, वीज कुठं होते, हे त्यानं असं सांगितलं, की तोंडी परीक्षेला असं बोलता तर पहिला आला असता. अडखळणं नाही, घाम नाही. तेच गाव समोर बसलेलं, आणि हात कोरडे. म्हातारे तात्या म्हणाले, "आपल्या वड्यावर बी येक पूल टाक की लेका." तो म्हणाला, "बघू की."

त्याच वेळी मला एक कागद लागला, आणि सवयीनं मी सरळ आत गेलो.

तो ताडकन उठून उभा राहिला.

खुर्ची मागं सरकली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मी कसाबसा म्हणालो, "बसा साहेब, बसा," आणि कागद घेऊन सटकलो. मंडळी हसली, बोलू लागली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, असं आम्हाला वाटलं. आबा दारापाशी उभे होते. ते आपल्या कोटाची गुंडी लावत होते, आणि ती आधीच लावलेली होती.

ट्रक गेल्यावर आम्ही नदीकडे चालत गेलो. मी म्हणालो, "झालं की रे निभावून. बरं वाटलं का?"

"लय बरं वाटलं," तो म्हणाला. "तेच वंगाळ झालं बघ." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "आजवर त्येंनी धरून चालल्यात, असं म्हनत हुतो. आज म्या सोता खुर्चीत बसून दावलं. आता ते माझं झालं. आता त्या वड्यावर पूल कोन टाकनार?"

मी काहीतरी समजुतीचं बोललो. असल्या वेळी माणूस जे बोलतो तेच.

पुढच्या आठवड्यात तो कामावर आला नाही. खोलीला कुलूप नव्हतं. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, पेनं आणि पट्ट्या पुसून कचेरीत जागच्या जागी. गावी गेला असेल म्हणून मी थांबलो. मग शोधाशोध सुरू केली. नदीकाठी, धरणाच्या पाण्यावर होड्या घालून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. कुणी म्हणालं मिरजेच्या स्टेशनावर दिसला, कुणी म्हणालं शिराळ्याच्या एका तालमीत पोरांना शिकवतोय. मी दोन्हीकडे जाऊन आलो. तो नव्हता.

त्यातच एक दिवस आबा आले. एकटे, एसटीनं, पावसात भिजत. लेकाला घरी न्यायला आले होते. तो नाहीसा झाल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. ते माझ्या समोरच्या खुर्चीत ताठ बसले.

"मला ठावं झालं हुतं, साहेब," ते म्हणाले. "ट्रक घिऊन आलो तवाच. वीस-बावीस वर्सं पलटनीत काढली. सायबाला बघून कोन उठतं आन कोन उठत न्हाई, ते मला कळतंय."

"मग बोलला का नाही त्याच्याशी?"

"गावाफुडं? त्यानं येवढं झाकलेलं, आन बापानं उघडं पाडायचं व्हय? म्हनलं, पावसात जाऊ, तवा कोन संगं येत न्हाई. येकटंच जाऊ. घरी घिऊन येऊ." मग म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर मारलं बी असतं म्या. खोटं कशाला बोलू? मारलं असतं. पर घरी न्हेलं असतं."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. जायला उठले, आणि पुन्हा बसले.

"साहेब, तुमी संगंच हुता. त्या गनिताच्या पेपरात काय इचारत्यात?"

मी तोंड उघडलं. सहा उदाहरणं होती, हे आठवत होतं. मी भराभर लिहिलं होतं, हेही आठवत होतं. त्यांतलं एक उदाहरण सांगावं म्हणून मी आठवायला लागलो, आणि मला एक ओळ आठवेना. त्या पेपरानंतर ते गणित मला नोकरीत एकदाही लागलं नव्हतं. ना मला, ना माझ्या वरच्या साहेबांना.

"आठवत नाही आबा," मी म्हणालो.

त्यांना ते खरं वाटेना. "तुमी पास झाला नव्हं त्यात?"

"झालो."

"आन येक बी आठवत न्हाई?"

"नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. काहीतरी हिशेब जुळत नसावा तसे. मग त्यांनी विचारलं, "मग ते आठवतंय तरी कुनाला?"

"त्याला," मी म्हणालो. "त्याला सगळं तोंडपाठ होतं."